रायटरचा माणूस

रायटर आमच्यात आला तोच मुळी दाढेच्या निमित्तानं. दातांच्या डॉक्टरबाईंकडे दाढ काढायला आला होता. तोंडात कापसाचा बोळा, आणि बाई विचारतायत, "तुम्ही पोलिसात होता ना? मग आमच्या कादंबरीत या की!" बोळ्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही, असं माझं मत आहे. बाई म्हणतात, तो खुशीनं आला.

त्याआधी आम्ही चार जण होतो. मी, डॉक्टरबाई, फोटोवाला आणि माझा जावई. चौघांनी मिळून एक कादंबरी लिहायची ठरवली होती. चाळीस वर्षांनंतरचं शहर, त्यातलं पोलिसांचं खास पथक. गुन्हेगार यंत्रांत शिरून लोकांच्या आठवणी चोरतात आणि हे पथक त्यांच्या मागावर. पथकातल्या प्रत्येकाच्या कानामागे चिप, तिच्यात बोललेलं, ऐकलेलं सगळं आपोआप नोंदलं जातं. कल्पना माझी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण फोटोवाला ती स्वतःची म्हणून गावभर मिरवतो.

नियमही मीच केले. प्रत्येकानं एक अधिकारी घडवायचा. दुसऱ्याच्या अधिकाऱ्याला हात लावायचा नाही. एखादा नकोच झाला तर मतं घ्यायची, आणि त्याचा शेवट त्याच्याच मालकानं लिहायचा. दर गुरुवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा सकाळी अकराला बाहेरच्या खोलीत बसायचं. भिंतीवर किडलेल्या दातांची चित्रं. त्यांच्याखाली बसून आम्ही भविष्य घडवत होतो.

आता एकेकाचे दिवे बघा. डॉक्टरबाईंची अधिकारी गुन्हेगाराला दातांवरून ओळखते. दुसरं काही सुचणारच नव्हतं. फोटोवाल्याच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यात कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं वर्णन तीन पानं. तीन! आणि आमचे जावई. आठ महिने नोकरी नाही. मुलीनं गळ घातली, "बाबा, त्याला घ्या तुमच्यात, घरात बसून त्याचं डोकं फिरेल," म्हणून घेतला. त्याचा अधिकारी अर्धा यंत्र, अर्धा माणूस, आणि तीन प्रकरणं तो खुर्चीत बसून चार्ज होत होता. लेखकानं स्वतःला किती ओतावं त्यालाही काही सुमार असतो.

आणि रायटर. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेतो त्याला रायटर म्हणतात. लेखक वगैरे नव्हे हो, टेबलामागे बसून लोक सांगतील ते उतरवून घेणारा. एकतीस वर्षं त्यानं तेच केलं. बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, कुठेही बसला तरी खुर्ची आधी टेबलाला चिकटवून घ्यायचा. त्यानं कुठला अधिकारी घडवला? एक म्हातारा. समोर टेबल, टेबलावर वही, हातात पेन. चिप नाही, काही नाही.

मी कपाळावर हात मारला. "अहो, चाळीस वर्षांनंतरची गोष्ट आहे!"

"हो ना साहेब," तो म्हणाला. "तेव्हाही लोक रडतच येतील ना ठाण्यात?"

त्याच्या प्रकरणात एक बाई भावाविरुद्ध फिर्याद द्यायला येते. बोलता बोलता तिचा तोल जातो. म्हातारा पेन खाली ठेवतो, पाणी देतो, चहा मागवतो, मग विचारतो, "हं, आता सांगा, यातलं काय लिहू?" झालं प्रकरण. ना पाठलाग, ना गोळीबार.

"म्हणजे यानं पुरावा दडपला," मी म्हणालो.

"छे छे. मारलं, चोरलं, ते लिहायचंच. ते सोडलं तर नोकरी जाईल, आणि जायलाच पाहिजे. पण माणूस रागात फिर्यादीबाहेरचं बोलतो. भाऊ लहानपणी अंथरूण ओलं करायचा, वहिनीचं लग्नाआधी काय होतं, असलं. ते एकदा कागदावर आलं की पुढे कोर्टात मोठ्यानं वाचतात, साहेब. मग ती माणसं परत एका घरात जेवू शकत नाहीत."

"आमच्या पथकाकडून एक शब्द सुटत नाही. तीच तर त्याची ताकद आहे!"

"असेल," तो म्हणाला.

त्या 'असेल'नं माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच दिवशी ठरवलं, हा म्हातारा कथेतून जायलाच हवा. डॉक्टरबाईंना हे कळलं असावं, कारण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "रायटरच्या बायकोला गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. एकतीस वर्षं ती विचारायची, दिवसभर काय लिहिता हो? हा काय सांगणार? सगळं परक्यांच्या घरातलं. आता पहिल्यांदा सांगण्यासारखं काही लिहितोय. घरी गेला की पान वाचून दाखवतो. दर गुरुवारी ती पहिलं विचारते, तुमचा माणूस आहे ना अजून? त्याला राहू द्या. त्याला एवढंच हवंय."

मी म्हटलं, बाई, ही कादंबरी आहे, धर्मशाळा नाही.

मात्र रायटरचा एक उपयोग झाला. फोटोवाला आज एक बोलायचा आणि पुढच्या गुरुवारी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणून हात वर करायचा. म्हणून मी बैठकीची वही सुरू केली आणि लिहायला रायटरला बसवला. अक्षर मोत्यासारखं आणि हात झरझर चालायचा. मी बजावून सांगितलं, "जो जे बोलेल ते शब्दन् शब्द. खाडाखोड नाही, गाळागाळ नाही. मी बोललो तरी." जावई ती वही घरी नेऊन टाइप करायचा आणि सगळ्यांना पाठवायचा. तेवढं तरी काम त्याला.

पुढच्या गुरुवारी जावई मुलाखतीला गेला होता. बरंच झालं, म्हटलं, आजच उरकू. मुद्दा चार, म्हाताऱ्याला काढणे. स्वतःच्या माणसाबद्दल रायटरला मत देता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, राहू द्या. फोटोवाला म्हणाला, काढा, टेबलाचं भिंगातून काय दाखवणार? माझं मत काय ते सांगायलाच नको. दोन विरुद्ध एक. रायटरनं ते मान खाली घालून स्वतःच लिहिलं. लिहून झाल्यावर ओळीवर टिपकागद दाबला आणि विचारलं, "शेवट पुढच्या गुरुवारी आणला तर चालेल ना?"

बाई मात्र भडकल्या. "दर आठवड्याला पान लिहून आणणारा एकच माणूस, त्याला काढलंत. आणि तो चार्जिंगवर बसलाय त्याचं काय? त्याला हात लावत नाही तुम्ही. घरचा ना!"

"घरचा?" मी ओरडलोच. "कसला घरचा? माझ्या पोरीला विचारा! परवा स्वयंपाकघरात माझ्यासमोर रडली. बाबा, म्हणाली, सकाळी उठून त्याचं तोंड बघितलं की मला किळस येते. सोडून द्यावं म्हणते. कुणाला सांगू नका म्हणाली. आणि तुम्ही मला म्हणता घरचा! तिच्या पगारावर जेवतो, तिच्याच..."

फोटोवाला छताकडे बघत होता. बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. तेव्हा मला ती वही आठवली. शब्दन् शब्द. गाळागाळ नाही. मी बोललो तरी. आणि टाइप कोण करणार? जावईच!

रायटरकडे बघितलं. पेन वहीवर आडवं ठेवलेलं होतं. हात मांडीवर.

"साहेब, घसा कोरडा पडला असेल," तो म्हणाला. "चहा टाकतो."

आत जाऊन त्यानं बाईंच्या किटलीत चहा केला. साखर जास्त. चौघं प्यायलो. मग त्यानं कप बाजूला सारले, खुर्ची टेबलाला चिकटवली, पेन उचललं. "हं. तर 'घरचा?' यापुढे काय लिहू?"

अर्ध्या तासापूर्वी मी त्याचा माणूस मारला होता. त्यानं माझाच नियम पाळला असता तरी माझं वाटोळं झालं असतं, आणि कुणी त्याला बोल लावला नसता.

"लिहा," मी म्हणालो, "जावयाच्या अधिकाऱ्याबद्दल पुढे बोलू."

तुम्हाला वाटेल, मी त्याचे आभार मानले. मुळीच नाही. उलट मला त्याचा संतापच आला. ज्याला आपण कवडीमोल समजतो त्यानं आपली लाज राखावी, यासारखं खुपणारं काही नाही.

संध्याकाळी तरी चैन पडेना, काहीतरी निमित्त काढून मुलीकडे गेलो. मुलाखतीहून परतताना जावई वही घेऊन आला होता आणि टाइप करत होता. मुलगी शेजारी बसून वही वाचून दाखवत होती! हे मला माहीतच नव्हतं. म्हणे नेहमी असंच करतात, ती वाचते, तो टाइप करतो.

"डॉक्टरबाई, घरचा ना. बाबा, घरचा, प्रश्नचिन्ह," ती वाचत होती. "मग चहा."

"चहा?"

"असंच लिहिलंय. 'येथे चहा झाला.'"

दोघं हसायला लागली. हसता हसता तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. परवा सोडून द्यायचं म्हणत होती ती हीच. मी दारातच उभा होतो. तिनं ते वाक्य स्वतःच्या तोंडानं त्याला वाचून दाखवलं असतं, हा विचार डोक्यातून जाईना. चप्पल न काढताच परत फिरलो.

पुढच्या गुरुवारी पाचही जण हजर. रायटर शेवट घेऊन आला होता. दीड पान. म्हातारा वही मिटतो, पेनाला टोपण लावतो, टेबल पुसतो आणि घरी जातो. भिकार लिहिलं होतं, अजूनही म्हणतो. पण मला ते ऐकवेना.

"घरी सांगितलंत?" मी विचारलं.

"अजून नाही. आज सांगेन. सकाळी निघालो तेव्हाही तिनं विचारलं. म्हटलं, आहे."

मी घसा खाकरला. "मुद्दा एक. म्हाताऱ्याला परत घ्यावं."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. फोटोवाला म्हणाला, "आता काय झालं?" पण त्याला काय झालं ते चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे लगेच "घ्या, घ्या" म्हणाला. राहिला जावई.

"का हो बाबा?" तो म्हणाला. "गेल्या वेळी तर तुम्हीच काढलात. मीच टाइप केलंय. एवढं काय केलं त्या म्हाताऱ्यानं?"

काय केलं? ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आयुष्यभर मला प्रत्येकाला ऐकवायला शब्द कमी पडले नाहीत. तेव्हा एक सापडेना. रायटर पेन घेऊन थांबला होता, माझ्याकडे न बघता. त्यानं पेन खाली ठेवावं असं मला फार वाटलं. पण मी अजून काही बोललोच नव्हतो.

"कारण काही नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं होतं."

जावई खो खो हसला. "बाबा आणि चुकलं! हे लिहा हो काका, शब्दन् शब्द लिहा. घरी वाचून दाखवायचंय."

रायटरनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच होतं. ओळीवर टिपकागद दाबला, खिशातून ते दीड पान काढलं, चार घड्या केल्या आणि डॉक्टरबाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग मला म्हणाला, "साहेब, आज जरा लवकर निघू का? ती वाट बघत असेल."