ट्रेमधली सुई आणि माझी मध्यस्थी

मंगळवार, माघ महिना. सकाळी धुकं, नंतर कोरडं ऊन, वारा नाही.

हवामान मी रोज लिहितो. पण मेहकरच्या दवाखान्यात त्या दिवशी मी जे करून बसलो, ते लिहायला हात धजेना! तोंडी सांगतो. हसा, पण कप सांभाळून.

माझ्या मांडीवर चरबीची गाठ होती, ती काढायची होती. तेवढीच जागा बधिर केलेली, बाकी मी टक्क जागा! मदतीला नर्स कोण? माझीच सख्खी भाची, सुनीता. नवी नोकरी, तिच्यावर तिचं घर चालणार, आणि तिच्यासाठी शब्द टाकलेला मी.

गाठ निघाली. टाके सुरू झाले. सुनीता "सुई" म्हणाली आणि तिनं ती डॉक्टरांच्या हातात न देता माझ्या कमरेजवळच्या ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांनी उचलली, टाका घातला, "सुई" म्हणून परत ट्रेमध्येच ठेवली. पुन्हा तेच. हाताला हात नाही!

ही रीत मला ओळखीची हो! आमची मंडळी रुसली की चहा हातात देत नाही. स्टुलावर ठेवते, "चहा" एवढंच म्हणते आणि निघून जाते. म्हणजे इथंही अबोला! डॉक्टरांशी अबोला धरल्यावर पोरीची नोकरी टिकेल?

"काऊन व सुनीता, काही बिनसलं का?"

"मामा, गुपचूप पडून राहा."

पाहा! माझ्याशीही तुटक!

"डॉक्टरसाहेब, पोर तापट हाय, पण मनानं निर्मळ. तिच्या वतीनं मी माफी मागतो."

"कशाची माफी, काका?"

"भांडणाची! एकमेकाच्या हातात सुई देऊन नाही राह्यले तुमी. थांबा, मीच देतो!"

आणि मी हिरव्या कापडाखालून हात काढून थेट ट्रेमध्ये घातला.

"मामा, हात मांग घ्या!"

"आई गं!"

सुनीतानं माझं बोट साबणानं धुतलं. डॉक्टर म्हणाले, "काका, मांगच्या महिन्यात हातोहात देताना सुई हिच्या बोटात घुसली. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत पोरगी धड जेवली नाही. तवापासून मी नियम केला. सुई मधात, ट्रेमध्ये ठेवायची, अन् सांगून ठेवायची."

"मले काऊन नाही सांगितलं व?"

"तुमी रडले असते, मामा."

मी तेव्हा रडतच होतो. बोट दुखतं म्हणून सांगितलं.

"मामी गोधडी शिवताना सुई हातात देते का?" तिनं विचारलं.

"नाई. खाली ठेवते. हातात दिली तं भांडण होते म्हणते."

"मंग? घरची सुई नाही आठवली, घरचा चहा आठवला!"

नवा ट्रे आला, नवी सुई आली, टाके पूर्ण झाले. त्या दिवशी सुई डॉक्टरांना टोचली नाही, सुनीतालाही नाही. एकालाच टोचली: मला, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला.