हर्निया म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

बायकोच्या पोटावरची चरबी काढायचं ऑपरेशन आम्ही सगळ्यांना हर्नियाचं म्हणून सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

मी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. भोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने मोठं असलं तरी तो भाग मी परत पाठवतो, आणि घरीही मी तसाच वागतो अशी तक्रार आहे. बायको अंबत्तूरच्या शाळेत गणित शिकवते. मुलं शिकायला बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. तिची उंची एकशे छप्पन्न सेंटिमीटर, वजन त्रेसष्ट किलो, म्हणजे फार नाही. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर बेंबीखाली जो थर बसला तो हलेना. ती चालायला जायची, रात्रीचा भात सोडला होता. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून रोज हुलग्यांचं रसम प्यायची. वजन चार किलो उतरलं. चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला आणि पोट होतं तिथेच राहिलं.

मग एकदा बसमध्ये कंडक्टरने एका मुलाला उठवलं. "एळुंदिरुंग तंबी, मासमा इरुक्कांग." ऊठ, बाई पोटुशी आहेत. बायको तेव्हा शेहेचाळीसची होती.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"बसले. काय करणार? उभी राहून सगळ्या बसला खुलासा देऊ?"

मी हसलो. ती हसली नाही. दोन दिवसांनी तिने स्वतःच प्लास्टिक सर्जनची वेळ घेतली.

सर्जन सरळ माणूस होता. त्याने पहिल्यांदाच सांगितलं, "वजन कमी करायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका." लिपोसक्शनने एका जागची चरबी निघते. सैल कातडी घट्ट होत नाही, बाळंतपणात फाकलेले स्नायू जवळ येत नाहीत, पोटावरच्या रेघा जात नाहीत. पुढे वजन वाढलं तर उरलेल्या चरबीला दुसरी जागा सापडते. सूज उतरून खरा आकार दिसायला काही महिने लागतात, तोपर्यंत आरशासमोर रडायचं नाही. मी माझे प्रश्न विचारले. एका वेळी जास्तीत जास्त किती काढता? पाच लिटरच्या वर नाही, आणि हिचं तीनच्या आसपास होईल. भूल देणारा डॉक्टर शेवटपर्यंत थांबतो का? थांबतो. काही बिघडलं तर कुठे नेता? त्याने मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तेही मी जाऊन पाहून आलो.

त्याने दोन गोष्टी जोर देऊन सांगितल्या. ऑपरेशनच्या संध्याकाळपासून, जागं असेपर्यंत दर दोन तासांनी चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. आणि कुठलंही औषध, गोळी, काढा चालू असेल तर सांगायचं, आज नसेल आणि उद्या सुरू केलं तरी सांगायचं.

"काही नाही," बायको म्हणाली. "व्हिटॅमिन डी." त्या दिवशी ते खरं होतं.

तारीख शाळेच्या तिमाही सुट्टीतली धरली, गौरी झाल्यावरच्या आठवड्यातली. गौरीला माझी मोठी बहीण कोल्हापूरहून यायची होती, आणि ती राहिली तर मदतच होणार होती. अडचण एकच होती.

"ताईंना खरं सांगायचं नाही," बायको म्हणाली. "ही पोट कापून बारीक झाली, असं पंचगंगेच्या दोन्ही काठांवर होईल. हर्निया सांगा."

हर्निया पोटालाच होतो, त्यातही विश्रांती लागते, पट्टा लागतो. मला हिशेब जुळल्यासारखा वाटला. मी ताईला हर्निया सांगितलं.

गौरी नीट झाल्या. ताईने पुरण वाटलं, बायकोने साड्या नेसवल्या, दोघी दोन दिवस सोवळ्यात फिरत होत्या. ऑपरेशनही नीट झालं. तीन लिटर दोनशे मिली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती छातीखालपासून गुडघ्यापर्यंत एका जाड, ताणलेल्या, हुकांच्या पट्ट्यात आवळलेली. टाक्यांतून गुलाबी पाणी झिरपत होतं. तेही आधी सांगितलेलं होतं, म्हणून मी घाबरलो नाही. दोन दिवस रजा काढली, दोन दोन तासांनी तिला हॉलमधून फिरवलं. ताई कपाळाला आठ्या घालून बघत होती. तिसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसने कामावर गेलो.

मग घर ताईच्या ताब्यात आलं. तिच्या शेजारणीचा हर्निया ऑपरेशननंतर महिन्याभरात पुन्हा वर आला होता, आणि ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, ताई," बायको म्हणाली होती, हे नंतर ताईनेच मला सांगितलं.

"सांगतात. टाके सुटले तर ते येणार आहेत का धरायला? पड गप. बाथरूमला जाशील तेवढंच."

बायको पडली. आणि तिला ते आवडलं, हेही मला माहीत आहे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, एवढ्या काळात तिच्या अंथरुणापाशी कोणी मुगाचं कढण आणून दिलं नव्हतं. मी संध्याकाळी विचारायचो, "चाललीस ना?" ती म्हणायची, "चालले की."

घरी आल्यावर चार दिवसांनी तिची डावी पोटरी दुखायला लागली. पट्ट्याची कड गुडघ्याशी रुतते म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं. मी क्लिनिकला फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, सूज नॉर्मल आहे सर, सोमवारी दाखवायला या. तो शनिवार होता. पोटरी एकाच पायाची दुखत होती, हे मी तिला सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

रविवारी दुपारी बायको बाथरूममधून आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण वाक्य पुरं होईना.

"पट्टा... जरा... सैल..."

मी हुक सोडले. एक बाजू पूर्ण मोकळी केली. श्वास तसाच, वरच्या वर. कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटात होता, तो बोटाला लावला. एकोणनव्वद. माझ्या बोटाला लावला, अठ्ठ्याण्णव. तरी मी सेल बदलले. पुन्हा तिच्या बोटाला लावला. सत्त्याऐंशी, नाडी एकशे अठ्ठावीस. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मोजायचं यंत्र चुकीचं निघावं अशी इच्छा मी कधी केली नव्हती.

अँब्युलन्समध्ये ताई तिचे तळवे चोळत होती आणि तिला दम देत होती, "माझ्याकडे बघ. डोळे मिटायचे नाहीत, सांगून ठेवते."

मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण आली. ऑपरेशन कसलं, तिने इंग्रजीत विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "हर्निया."

"लिपोसक्शन," मी म्हणालो. "पोटाचं. सहा दिवस झाले."

"काय म्हणालास?" ताईने माझा दंड धरला.

"हर्निया नव्हता, ताई. चरबी काढली."

ताईला ते कळायला एक क्षण लागला. मग तिने दंड सोडला. "म्हणजे तिला चालायचं होतं? खरंच चालायचं होतं? आणि मी तिला झोपवून ठेवली?"

डॉक्टरीण पुढचं विचारत होती. काही गोळ्या? हार्मोन? गर्भनिरोधक? पीरियड्स पुढे ढकलायच्या?

"नाही," मी म्हणालो. "नथिंग."

ताईला त्यातला ‘पीरियड्स’ एवढा एक शब्द समजला होता. "पाळीच्या गोळ्यांचं विचारतेय का ती? त्या घेतल्यात की. गौरीत तारीख येत होती ना तिची. मीच येताना आणल्या. अजून चालूच आहेत, हॉस्पिटलात आणि त्या पट्ट्यात कुठे पाळीची कटकट, असं ती म्हणाली." मग माझं तोंड बघून हळू आवाजात, "अरे, ते काय औषध असतं का?"

आमच्याकडे ते औषध नसतंच. माझ्या आईच्या डब्यात त्या गोळ्या असायच्या. मावशीकडे असायच्या, लग्नघरात तर पाकीट या हातातून त्या हातात जायचं. सणाला बाई बाहेरची होऊ नये म्हणून घ्यायची ती सोय, अंगारा लावल्यासारखी. डॉक्टरने औषध विचारलं तर त्या कोणाला आठवत नाहीत. बायको गणिताची शिक्षिका आहे, आणि तिलाही त्या आठवल्या नाहीत. मी ताईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीण माझ्याकडे न बघता लिहीत राहिली.

स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळ्या दिसल्या, दोन्ही बाजूंना. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन समजावलं. ऑपरेशन, पडून राहणं, गोळ्या. त्यातलं नेमकं कुठलं नडलं ते सांगता येत नाही, तिन्ही एकत्र आली. गुठळी झटकन विरघळवायचं औषध एवढ्या ताज्या ऑपरेशननंतर देणं धोक्याचं. रक्त पातळ करायचं औषध देतो, पण पोटात आतून सगळीकडे जखम आहे, तिथे रक्तस्राव होऊ शकतो. न देणं हा पर्याय नाही.

"वाचायची शक्यता किती टक्के?" मी विचारलं.

"मी आकडा देणार नाही."

"अंदाजे."

"सर, आकडा नाही माझ्याकडे." त्यांनी सहीसाठी पेन पुढे केलं.

मी सही केली आणि स्टीलच्या खुर्चीवर येऊन बसलो. काचेच्या दारापलीकडे ती होती आणि मला काहीही मोजता येत नव्हतं. आत कोणी पळत गेलं की मी उठायचो. ते दुसऱ्याच कोणासाठी गेलेलं असायचं, आणि मला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याची अजून शिसारी येते.

ताई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं रे?"

"तिला लाज वाटत होती."

"मी हसले असते. दोन दिवस हसले असते. कोल्हापुरात चौघींना सांगितलंही असतं, खोटं कशाला बोलू. मग? हसण्याने काय झालं असतं?" तिने पदर तोंडाशी धरला. "मी तिला दर दोन तासांनी फरफटत चालवली असती. मला ओळखत नाहीस तू?"

ओळखत होतो.

रक्तस्राव थोडा झाला, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. तिसऱ्या दिवशी मला दोन मिनिटं आत सोडलं. मास्कखालून ती काहीतरी म्हणाली. मी कान जवळ नेला. "ताईंना कळलं?"

"कळलं."

तिने डोळे मिटले. मी लगेच मॉनिटर बघितला.

आता ती घरी आहे. रक्त पातळ करायची गोळी सहा महिने, पायात पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे, आणि त्या दुसऱ्या गोळ्या आयुष्यात पुन्हा नाहीत. पोट कमी झालं आहे. किती, ते आम्ही टेप लावून पाहिलेलं नाही. एक जिना चढली की ती कठड्याला धरून उभी राहते. पहिल्यासारखी होईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणतात, बघू. ती झोपली की मी तिच्या छातीकडे बघत पडून राहतो.

शाळेत तिने आता खरं काय ते सांगून टाकलंय. परवा तिथल्या एका बाईंचा फोन आला. त्यांनाही करून घ्यायचं आहे, मुलीचं लग्न ठरलंय. सर्जन कसा निवडायचा, किती लिटर काढतात, पट्टा किती दिवस, दुखतं का, हे सगळं त्यांनी विचारलं. बायकोने एकेकाचं नीट उत्तर दिलं, शाळेत देते तसं. गोळ्यांचं दोनदा सांगितलं. मग विचारलं, "घरी कोणाला माहीत आहे?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

"मग तारीख घेऊ नका," बायको म्हणाली. "आधी सासूबाईंना सांगा. हसू दे त्यांना."

एवढं बोलताना तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.