कानसेनांनी गप्प केलेली चकती

कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. शिलाई मशीनच्या रांगा धडधडत असताना हा दुरुस्तीवाला मधोमध डोळे मिटून उभा राहायचा आणि म्हणायचा, "खिडकीजवळची दुसरी. सुई तुटणार." आणि ती तुटायची. काहींचं म्हणणं, त्यांच्या धाकानेच तुटायची.

कुरकुरणारी वस्तू त्यांना खपत नसे. दाराची बिजागरी वाजो, पंखा वाजो, हे तेलाची बुधली घेऊन हजर. "या घरात कुरकुरणारी मीच एक उरलेय," बायको म्हणायची. "एक दिवस माझ्याही घशात तेल ओताल!"

मग तिच्या घशातच गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच. थरथरत्या हातात पेन टिकेना, तेव्हा मुलीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला. एका बोटाने बटणं दाबत ती बोलू लागली. पहिलं वाक्य उमटलं : "अहो, सदरा उलटा घातलाय." कानसेनांना हायसं वाटलं. बायको शाबूत होती.

अडचण बॅटरीची होती. इस्पितळात खाटेजवळचा प्लग ऑक्सिजनच्या मशीनने अडवलेला, आणि बॅटरी चहा निवेपर्यंतसुद्धा टिकत नसे. टोमणा अर्ध्यावर यायचा आणि पडदा काळा व्हायचा.

कानसेनांनी लॅपटॉप उचलून कानाला लावला.

"बाबा, फोन नाहीये तो," नर्स म्हणाली.

पण आत घरघर चालली होती, कोणी काही करत नसताना. त्यांनी मुलीला फोन लावला. "तुझं यंत्र रिकामं बसून धावतंय का गं?"

"आत हार्ड डिस्क असते, बाबा. चकती. त्यावर सगळं साठवतात. ती फिरत राहते, फाइली चाळते, व्हायरस शोधते. तिला विसावा मिळाला नाही की बॅटरी खाते."

"म्हणजे तुझी काकू. पाहुणे नसले तरी भांडी घासत बसणारी."

मुलीने फोनवर सांगितलं तसं एकेक काम त्यांनी बंद केलं. घरघर थांबली. पण मध्येच कुठेतरी एक बारीक खर्रर्र यायचं. तेवढंही त्यांना सोसवेना. मुलीला न विचारता ते शोधत गेले, आणि लिहिलेलं आपोआप साठवून ठेवायची सोय सापडली. तीच चकतीला सारखी जागं करत होती. त्यांनी ती बंद केली. आवाज गेला म्हणजे मशीन बरी झाली, एवढंच ते आयुष्यभर शिकले होते.

बॅटरी आता दुपारभर पुरू लागली. बायकोने लिहिलं : "उद्या दुपारी येऊ नका. मी सगळं नीट लिहिणार आहे. तुमच्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्यायचीय."

"आत्ताच सांग की."

"तुम्ही मध्ये बोलता."

दुसऱ्या दिवशी ते संध्याकाळी गेले. ती दमून झोपली होती, बोट बटणांवर तसंच. पडदा काळा. "दुपारभर लिहीत होत्या," नर्स म्हणाली. "थांबा म्हटलं तर डोळे वटारले."

कानसेनांनी लॅपटॉप बाहेर नेऊन वॉचमनच्या टेबलापाशी चार्जिंगला लावला आणि उघडला. कोरं पान. त्यांनी मुलीला फोन करून विचारलं.

"आपोआप सेव्ह व्हायचं तुम्ही बंद केलंत?"

"ते आवाज करत होतं."

"मग बॅटरी संपताच सगळं गेलं. काहीच नाही उरलं, बाबा."

परत लिही असं सांगायचं, हे घोकतच ते खाटेपाशी आले. ती जागी होती. श्वास ओढून घेत होती. हात चादरीवरून उचलवत नव्हता. तिने नजरेने लॅपटॉप दाखवला आणि भुवया उंचावल्या. वाचलंत?

त्यांची मान हलली. ती वर-खाली हलली, हे त्यांना मागाहून कळलं.

ती पाहत राहिली. मग?

"हो," कानसेन म्हणाले. "तू म्हणतेस तसंच करीन. अगदी तसंच."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. समाधानाचं की दुःखाचं, ते या कानाच्या माणसाला वाचता आलं नाही. पहाटे ती गेली.

कशाला हो म्हटलं ते ठाऊक नसल्यामुळे त्यांनी सगळंच करायला घेतलं. तपकीर सोडली. तिच्या भावाशी वर्षानुवर्षांचा अबोला होता, त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. त्याने रडून मिठी मारली, हे मात्र त्याच्या खांद्यावरून चौकशी करत होते, "हेच असेल का रे?"

मुलगी न्यायला आली. "बाबा, एकटे राहू नका. माझ्याकडे चला."

"मुलीकडे जा, हे ती म्हणालीच असती."

"मग चला."

"पण आपलं घर सोडू नका, हेही म्हणाली असती. तीच म्हणाली असती."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याचा प्रश्न कुठे आहे? शब्द दिलाय तिला."

मुलीने बॅग भरून दाराशी ठेवली. कानसेन बॅगेशेजारच्या खुर्चीत बसले. गाडीची वेळ टळली तरी ते उठले नाहीत. आणि बॅग आत न्यायलाही तयार होईनात.