मावशीची गाडी मागं येते

जगातली कुठलीच आगगाडी वेळेवर पोचत नाही आणि त्याला कारण आमच्या बालवाडीची मदतनीस मावशी आहे, असं सत्तरच्या दशकात माझं ठाम मत होतं. हिंगोलीत रुळांपलीकडं आमची बालवाडी. मावशी रोज सकाळी गल्लोगल्ली हिंडून पोरं गोळा करी, पण साधंसुधं नाही. जुन्या लुगड्याची लांब दोरी, पुढं मावशी इंजिन, मागं दोरी धरलेली पोरं म्हणजे डबे, आणि चालता चालता गोष्ट. तिच्या गोष्टीतली गाडी सरळ म्हणून जाईना. अकोल्याच्या गाडीला चढावर धाप लागली की पूर्णेची गाडी मागून ढकलायला यायची. एखादं रेडकू आईला हुडकत असलं तर मालगाडी त्याला पुसेगावपर्यंत, म्हणजे जिथं रूळच नाहीत तिथपर्यंत, पोचवून यायची. आणि एखादा डबा सुटला, की अख्खी गाडी मागं!

मी तेव्हा वीस वर्षांची, त्या बालवाडीची शिक्षिका. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेली विदुषी. मी तिला समजावलं, "मावशी, गाडी अशी कुणासाठी थांबत नसते."

"थांबत न्हाई बाई, म्हणून तर गोष्टीत थांबवून राहिले," ती म्हणाली आणि एका पोराचं नाक पुसायला वळली.

मग तपासणी आली. वीस पोरं डोळ्यांनी दिसली नाहीत तर बालवाडी बंद, असं पत्रच होतं. म्हणजे माझीही नोकरी गेली, मावशीचीही. मी फर्मान काढलं, "उद्या गाडी बंद, तिला रोज उशीर होतो. तुम्ही घरीच राहा. पोरं मी आणते, रांगेत." सकाळी इस्त्रीची साडी नेसून, हजेरीचं पुस्तक काखेत मारून निघाले. पहिल्याच दारात एका चिमुरडीनं विचारलं, "तुमी इंजन का डबा?"

"मी बाई आहे," मी म्हणाले. ती आत जाऊन कणगीमागं लपली.

साडेदहापर्यंत माझ्याकडं तीन पोरं जमली. त्यातलं एक रडत होतं आणि एक आमच्या बालवाडीतलं नव्हतंच. मी पळत मावशीचं घर गाठलं. ती निवांत तांदूळ निवडत होती.

"मावशी, चला ना!"

"काहून? गाडी तुमीच रद्द केली ना?"

"चुकलं माझं."

"मंग शिट्टी तुमी मारायची. माझा घसा बसलाय."

मी त्या दिवशी भर बाजारातून 'कूऽऽ' करत गेले आणि दारादारांतून पोरं दोरीला लागत गेली. भाजीच्या ढिगाआडून सासूबाई बघत होत्या. पुढं वर्षभर स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली, की त्या माझ्याकडं बघत.

बालवाडीच्या दारात जीप उभी, साहेब उभे, आणि मावशी त्याच बसलेल्या घशानं ओरडली, "थांबा! मागचा डबा सुटला!" सगळ्यांत धाकटं लेकरू चप्पल निसटली म्हणून पार रुळांवरच्या फाटकापाशी बसून राहिलं होतं.

"मावशी, साहेब आलेत!"

"आले ना? मंग त्यायला आता कुठं जायचंय?"

आणि तिनं अख्खी गाडी वळवली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दोरीचं शेवटचं टोक साहेबांच्या हातात होतं. "धरा, तुमी गार्ड," असं कुणा पोरानं त्यांना बजावलं होतं. फाटकापाशी विसावं लेकरू दोरीला लागलं. साहेबांनी शेरा लिहिला, 'उपस्थिती वीस. शिस्त चांगली.'

तीन वर्षांनी यजमानांची बदली झाली. मावशी स्टेशनवर आली, खिडकीचा गज धरून गाडीबरोबर चालत राहिली, आणि फलाट संपला तिथं उभी राहिली. एवढीशी. गाडी काही थांबली नाही. परत जाईन जाईन म्हणेपर्यंत मावशीच गेली.

आता नातवंडांना सांगताना मी ती गाडी तिथं थांबवते, मागं नेते आणि मावशीला चढवून घेते. नातू म्हणतो, "आजी, गाडी अशी मागं येत नसते." विद्वान आहे, माझ्यावर गेलाय. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पदराचं टोक त्याच्या हातात देते आणि शिट्टी मारते.