ओरालियाचं पोट कोण बांधणार

तोतोनिकापानच्या डोंगरवाडीत साबिनानं किती बाळंतपणं केली, ते तिलाही सांगता आलं नसतं. मूल झालं की काही दिवसांनी ती बाळंतिणीला तुखमध्ये न्यायची. तुख म्हणजे अंगणातली मातीची बुटकी खोली. आत रांगतच शिरायचं. तापल्या दगडांवर पाणी पडलं की वाफ कोंडायची. त्या वाफेत साबिना ओल्या पाल्यानं कंबर शेकायची, पाठ चोळायची आणि बाहेर आणून विणलेल्या पट्ट्यानं पोट बांधायची.

"नान साबिना, तुमचा हात लागला की कळ जाते बघा," बाया म्हणायच्या. थोरल्या बाईला तिथं मानानं 'नान' म्हणतात.

तिची स्वतःची लेक ओरालिया मात्र सात वर्षांपूर्वी चोरवाटेनं सीमा ओलांडून उत्तरेच्या देशात गेली. कागदपत्रं नव्हती, म्हणून तिला परत येता येईना आणि आईला तिकडे जाता येईना. तिकडच्या इस्पितळात तिला दुसरं मूल झालं. ती घरी गेल्यावर सकाळीच तिचा फोन आला.

"आई, बाळ प्यायला लागलं की पोट पिळवटतं गं. पहिल्याच्या वेळी एवढं नव्हतं."

"दुसऱ्याच्या वेळी जास्तच होतं. पिशवी आक्रसतेय. अंगावरून किती जातंय? ताप?"

"ताप नाही. जातंय बेताचंच."

"वाढलं तर तडक इस्पितळात जायचं, मला फोन करत बसायचं नाही. आता लघवीला जाऊन ये आणि फोन एल्मेरला दे."

जावई फोनच्या पडद्यावर आला. "मला यातलं काही कळत नाही, सासूबाई."

"दोन पोरांचा बाप झालास, आता कळून घे. मोज्यात तांदूळ भरून गरम कर. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ, मग तिच्या ओटीपोटावर ठेव. थोड्या वेळानं चादरीची घडी करून बांध. वर नको, खाली. अरे, पोतं नाही ते, तिला श्वास घेऊ दे."

एल्मेर बांधत होता आणि इकडे साबिनाची बोटं आपल्याच परकराची गाठ आवळत होती.

कळ ओसरली, तसा ओरालियाचा डोळा लागला. फोन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पडद्यावर नुसतं पांढरं छत दिसत होतं. मध्येच बाळ कुरकुरायचं. साबिना चुलीपाशी बसून ते ऐकत राहिली.

चौथ्या दिवशी कळा थांबल्या. "आता रोज फोन नको करूस, आई. मी बरी आहे," ओरालिया म्हणाली.

"बरं," साबिना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच फोन लावला. म्हणाली, "गाठ सैल तर नाही ना झाली?"