रिक्षातून रस्ता सांगताना

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. उल्हासनगर आणि अंबरनाथ पूर्वेच्या मधल्या नाल्यावरचा जुना पूल पाडून नवा बांधायला घेतला होता. त्या बांधकामाच्या कचेरीत मी टायपिस्ट होते. रस्ता बंद असल्याची सूचना मीच टाइप केली. ती चौकाचौकांत चिकटवलीही. तरी टेम्पोवाले थेट खड्ड्यापर्यंत येत आणि आमच्या नावाने शंख करत मागे फिरत.

"बाई, तुमचा आवाज खणखणीत आहे," साहेब म्हणाले. "उद्यापासून रिक्षात बसा आणि भोंग्यावरून सांगा."

पहिल्या दिवशी लाजत लाजत मी कागद जसाच्या तसा वाचला, "वाहतूक पर्यायी मार्गाने वळविण्यात आली आहे." एका सिंधी कापडवाल्याने रिक्षाच अडवली.

"वो सब ठीक है, बहनजी. पण जायचं कुठून?"

खरंच की! मी कागद पर्समध्ये कोंबला. "पूल बंद आहे हो! पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडे वळा, शाळेच्या मागून निघा. बस-ट्रकवाल्यांनी हायवेनेच जा!" मग तेच हिंदीत. बायका गॅलरीत येऊन विचारू लागल्या, मीही भोंग्यावरूनच उत्तरं देऊ लागले. मला मजा यायला लागली.

एका संध्याकाळी पुलाशी वऱ्हाडाची बस अडकलेली दिसली. खरवईहून उल्हासनगरला निघालेलं लग्न, मुहूर्त जवळ आलेला. नवरदेवाचे वडील माझ्यावरच कडाडले, "आमच्या गावान कोनी सांगलाच नाय!"

आमची रिक्षा तिथवर गेलीच नव्हती. आता वाद घालून काय होणार? शाळेमागच्या गल्लीत बस शिरणं शक्य नव्हतं आणि हायवेने वळसा घालायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "काका, नवरदेवाला माझ्या रिक्षात बसवा. बाकीच्यांनी मागून चालत या."

ते घुटमळले. नवरदेव मात्र मुंडावळ्या सावरत टुणकन आत बसला. त्याच्या मावशीने माझ्या हातातून माइक घेतला आणि हळदीचं गाणं सुरू केलं. अख्खी गल्ली दारात आली. मांडवात नवरीकडची माणसं भोंगा ऐकून आधी घाबरली, मग पोट धरून हसली. अक्षता वेळेवर पडल्या.

दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगून मी रिक्षा खरवईला नेली. काकांनी देवळापुढे सगळा गाव गोळा केला होता. प्रश्नांची उत्तरं देता देता माझा घसा बसला, तेव्हा कुठे त्यांनी चहा आणि लग्नातले लाडू पुढे केले.