विदुषी की भूत?

आमच्या वरच्या मजल्यावर दोघी बहिणी राहायच्या. थोरली कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. धाकटीने सगळा जन्म चष्म्याच्या दुकानात काढला, काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. ती सत्तरीला टेकली तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणायची. दोघींनीही लग्न केलं नाही. थोरलीला पुस्तकांतून डोकं वर काढायला सवड झाली नाही. धाकटीला विचारलं तर ती हसून सांगायची, "एकाने विचारलं होतं. पण त्याचा नंबर होता मायनस नऊ. त्याला मी नीट दिसले असेन याची मला खात्री वाटेना."

थोरलीची स्मरणशक्ती हळूहळू जायला लागली, तेव्हा सगळा भार धाकटीवर पडला. गंमत म्हणजे थोरलीचं डोकं अजूनही तलवारीसारखं चालायचं, फक्त भलत्याच ठिकाणाहून सुरू व्हायचं. "आज सोमवार. सोमवारी पहिला तास माझा. तेव्हा मला निघायला हवं," असं ती म्हणायची. यात चूक काढायची कुठे? सोमवार नसायचा एवढंच, आणि कॉलेज सुटून जमाना झाला होता. धाकटी वाद घालायची नाही. "तास रद्द झालाय, ताई," म्हणायची आणि चहा ठेवायची.

एक दिवस सकाळी ती पाव आणायला खाली उतरली आणि परत आली तर दार सताड उघडं. थोरली घरात नव्हती. कपाटही उघडं होतं, आणि शिकवताना ती अंगावर घ्यायची तो काळा झगा खुंटीवर नव्हता. पाव तसाच टेबलावर टाकून धाकटी पळत सुटली. कुठे जायचं याचा विचार करावा लागला नाही. कॉलेज दोन गल्ल्या सोडून होतं.

पण कॉलेजसमोर पोचली आणि ती गोंधळलीच. फाटकाबाहेर मोठमोठ्या गाड्या उभ्या, रस्ताभर जाड वायरी पसरलेल्या. फाटकावरची नवी पाटी गायब होऊन तिथे जुनाट अक्षरांची पाटी लागली होती. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटच्या जागी कंदील लटकत होते. थोरलीबरोबर राहून राहून आपल्यालाही तोच आजार जडला की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

रखवालदाराने तिला अडवलं. "शूटिंग आहे, आजी. जुन्या काळचं पिक्चर. एक्स्ट्रा असाल तर मागच्या दाराने."

"माझी बहीण आत गेलीय. काळा झगा घातलाय तिने."

"आज आत सगळ्याच काळ्या झग्यात आहेत," तो म्हणाला. "मागच्या दाराने जा."

मागच्या दाराशी कपडेपट सांभाळणारी बाई उभी होती. तोंडात टाचण्या, खांद्यावर इस्त्रीचे कपडे. तिने धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि टाचण्या काढून म्हणाली, "किती उशीर! विदुषी की भूत?"

"काय?"

"अहो, विदुषी आहात की भूत? विदुषी भरल्यात माझ्या. एक भूत कमी पडतंय."

"मी बहीण आहे," धाकटी म्हणाली.

"बहिणीचं काम नाहीये यात कुणाला. म्हणजे भुतातच असणार तुम्ही. बसा."

धाकटीने दोनदा सांगायचा प्रयत्न केला. पण त्या बाईला कुणी ना कुणी हाका मारत होतं आणि तिचे हात थांबत नव्हते. धाकटीच्या अंगावर राखाडी झगा चढला, गळ्यापर्यंत बटणं लागली, तोंडावर आणि केसांवर पांढरी पावडर फासली गेली. आरशात बघून तिला वाटलं, इतकी बरी तर मी कधीच दिसले नाही. शेवटी तिने विचार केला, आत जायला मिळतंय ना, मग भूत तर भूत.

वाचनालयाचं मोठं दालन तिला ओळखीचं होतं. पूर्वी ताईचा डबा पोचवायला ती तिथवर यायची, पण उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती. आज लांब टेबलाभोवती काळ्या झग्यातल्या बायका पुस्तकं उघडून बसल्या होत्या, आणि त्यांच्यात, अगदी मधोमध, थोरली. ताठ बसलेली, चेहरा खुललेला. शेजारच्या तरुण नटीला ती काहीतरी समजावत होती.

"असं घाईने पान उलटू नकोस. आधी वाच, पटतंय का बघ, मग उलट."

"हो, मॅडम," नटी म्हणाली. तिला वाटत होतं, ही कुणीतरी मुरलेली रंगभूमीवरची बाई असणार, अजून भूमिकेतून बाहेर येत नाहीये. ती आणखी रंगात येऊन म्हणाली, "आणि मॅडम, भुतं असतात असं तुम्ही मानता?"

"पुरावा कुठाय?" थोरली म्हणाली. "पुरावा मिळाला तर मानेन."

आता सिनेमाची गोष्ट अशी होती, निदान धाकटीला नंतर सांगण्यात आलं ती अशी: शंभरेक वर्षांपूर्वी बायकांच्या पहिल्यावहिल्या कॉलेजात काही हुशार बायका संशोधन करत असतात. त्यांना वाचनालयात भुतं दिसायला लागतात. पण बाहेर सांगितलं तर लोक म्हणणार, शिकून बायकांची डोकी फिरली. म्हणून त्या गप्प राहतात. इथवर ठीक. पण शेवटी खरी भुतं कोण, त्या बायका की त्यांना दिसणारी माणसं, हे दिग्दर्शिकेचंच ठरलं नव्हतं. रोज सकाळी ती वेगळं सांगायची.

सहायकाने धाकटीला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. "काही करायचं नाही, आजी. फक्त बघत राहायचं." धाकटी तोंड उघडणार तेवढ्यात शांततेची आरोळी झाली. दिवे लागले, कॅमेरा फिरायला लागला. ठरलं होतं ते असं, की तरुण नटी मान वर करून भूत बघेल आणि घाबरेल. तिने मान वर केली. पण तिच्याआधी थोरलीने केली.

थोरली घाबरली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते धाकटीने आयुष्यात पाहिलं नव्हतं. खूप वाट बघायला लावून कुणीतरी स्टेशनावर उतरावं आणि गर्दीत एकदम दिसावं, तसं काहीतरी.

"आलीस?" थोरली म्हणाली. "ताप उतरला का गं?"

धाकटीला काही कळेना. कसला ताप?

थोरली शेजारच्या नटीकडे वळली आणि वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण. लहानपणीच गेली. विषमज्वराने."

दिग्दर्शिकेने कट म्हटलं ते बऱ्याच वेळाने. मग तिने हातातले कागद खालीवर केले आणि सहायकाला विचारलं, "हे संवाद कधी लिहिले आपण? आणि ही बाई कोण घेतलीय? काय काम करते!"

"ती काम करत नाहीये," धाकटी खुर्चीतून म्हणाली. "ती माझी बहीण आहे. आणि मी जिवंत आहे."

सगळा उलगडा होईपर्यंत चहाची एक फेरी झाली. दिग्दर्शिका वरमली. माफी मागून म्हणाली, गाडीने घरी सोडते. पण थोरली उठायला तयार नव्हती. "माझा तास संपलेला नाही," म्हणाली. धाकटीने तिच्याकडे बघितलं. गेली दोन वर्षं घरात ती खिडकीशी बसून बोटं मोडायची. इथे तिच्या समोर पुस्तक होतं, ऐकायला पोरी होत्या, आणि ती पोटभर हसत होती. धाकटीने दिग्दर्शिकेला बाजूला घेतलं. "शूटिंग असेपर्यंत तिला येऊ द्या. मी बरोबर असेन. तिचं तोंड पडद्यावर दाखवायचं की नाही ते मला आधी विचारा."

"आणि तुम्ही?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"मी आहेच की. तुमचं एक भूत कमी आहे म्हणे."

अशा रीतीने दोघी जायला लागल्या. सकाळी घरातून निघताना थोरली धाकटीला "अहो बाई" म्हणायची, घरकाम करणारी समजून. वाचनालयात शिरल्यावर, अंगावर राखाडी झगा चढला की, "आलीस?" म्हणायची. धाकटीला आधी हसू आलं. मग राग आला. म्हणजे आयुष्यभर हिच्यासाठी मी रांधलं, हिची दुखणी काढली, ते कुणी केलं? आणि मग तिला एक वेगळीच शंका छळायला लागली.

विषमज्वर तिला खरंच झाला होता, लहानपणी. तिला त्यातलं फारसं आठवत नव्हतं. अंधारी खोली, कपाळावर ओली पट्टी, आईचा हात. ताई त्यात कुठेच नव्हती. तिने हे कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

एकदा दिवे लावायला उशीर होता, सगळे बाहेर होते. दोघीच टेबलाशी बसल्या होत्या. धाकटीने विचारलं, "ताई, मला ताप आला तेव्हा तू कुठे होतीस?"

"मामाकडे धाडलं ना मला. मला लागू नये म्हणून." थोरली झग्याचं बटण फिरवत होती. "कुणी काही कळवेना. मी विचारलं की मामी दुसरंच काही बोलायची. मोठी माणसं विषय बदलतात, ती कधी? काही वाईट झालं की. मग तू गेलीस, दुसरं काय असणार?"

"पण मी बरी झाले. तू परत आलीस तेव्हा मी घरीच होते."

"घरी एक मुलगी होती," थोरली म्हणाली. "बारीक केस कापलेली. आई तिला तुझ्याच नावाने हाक मारायची. मला फार वाईट वाटायचं आईचं."

तापात धाकटीचे केस कापले होते, ते खरं होतं. बाकीचं खरं किती? ताईने लहानपणापासून हे मनात धरलं होतं, की आजच्या विसरण्याने ही गोष्ट नव्याने जुळवली होती? विचारायला आई उरली नव्हती, मामी उरली नव्हती. ज्या एका माणसाला ठाऊक होतं ते समोर बसून बटण फिरवत होतं.

"ताई, मी मेले नाही गं."

"मेलेलं माणूस असंच म्हणणार," थोरली मायेने म्हणाली.

"जिवंत माणूसही असंच म्हणेल ना?"

"म्हणेल. म्हणून त्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि तू जिवंत असतीस तर मोठी झाली असतीस."

"झालेय की! बघ, केस पांढरे झालेत माझे."

थोरलीने हात पुढे केला, तिच्या केसांवरून बोट फिरवलं आणि ते तिच्याच डोळ्यांसमोर धरलं. बोटाला पांढरी पावडर लागली होती. "बघ," ती म्हणाली.

धाकटी हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि पावडरीचे ओघळ गालावर उतरले. कपडेपटवाली येऊन तिच्यावर ओरडली. थोरलीने त्या बाईला झापलं, "तिच्या अंगावर ओरडायचं काम नाही. आजारी होती ती."

शूटिंग संपलं, पाटी उतरली, वायरी गुंडाळल्या गेल्या. थोरली काही दिवस दाराशी जाऊन उभी राहायची, मग तेही सुटलं. धाकटीने कपडेपटवालीकडून तो राखाडी झगा मागून आणला होता. एकदा तिने तो घरात घालून बघितला. थोरलीने वर पाहिलं आणि म्हणाली, "अहो बाई, हा काय अवतार?" धाकटीने झगा काढून घडी करून ठेवला. मला हे सांगताना ती म्हणाली, "मला नक्की काय हवं होतं तेच मला समजलं नाही. तिने मला ओळखावं, की तिथल्यासारखं लाडाने बोलावं? दोन्ही एकदम मिळेनात."

वर्षभराने पिक्चर लागलं. दिग्दर्शिकेने तिकिटं पाठवली, आणि दुपारच्या खेळाला आम्ही तिघी गेलो. गोष्ट मला फारशी कळली नाही. विदुषी शेवटी भुतं निघाल्या की भुतं विदुषी निघाली, यावर बाहेर पडणाऱ्या लोकांचं एकमत नव्हतं. पण मध्येच एकदा वाचनालय आलं. टेबलाशी बसलेली एक म्हातारी मान वर करते, आणि तिचा चेहरा उजळतो. आवाज काढून टाकला होता, नुसतं संगीत होतं. मग दाराजवळची राखाडी झग्यातली बाई दिसते, भांबावलेली, डोळे मोठे करून बघणारी. भूत बघणाऱ्यांपेक्षा तीच जास्त घाबरलेली वाटत होती.

थोरली खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावरची म्हातारी तिला ओळखू आली नाही. पण दुसऱ्या बाईकडे बोट दाखवून ती मोठ्याने म्हणाली, "ती आमची धाकटी! किती मोठी झालीय बघा!"

पुढच्या रांगेतल्यांनी वळून "श्श" केलं. शेजारी धाकटी बसली होती. तिने तोंडावर रुमाल धरला होता, आणि ती हसत होती की रडत होती ते अंधारात मला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर डोळे दिपवणारं ऊन होतं. थोरलीने रस्ता ओलांडताना धाकटीचा हात घट्ट धरला. पलीकडे पोचल्यावर सौजन्याने विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बहीण असते," धाकटी म्हणाली.

"चांगली वागते का तुमच्याशी?"

धाकटी थांबली. खरंच विचार करत होती. "कधी कधी ओळखते मला," ती म्हणाली. "आज ओळखलं."

"मग बरं आहे," थोरली म्हणाली, आणि दोघी चालायला लागल्या.